व्हेटर्नरीच्या पहिल्या वर्षात अ‍ॅनाटॉमी पाठ होत नाही, कोर्स सोडून देऊ का?

तू लिहिलंयस की प्राण्यांची आवड म्हणून आलास, पण सहा महिने नुसती हाडंच हातात आहेत, डिसेक्शन हॉलमध्ये मळमळतं, आणि शेजारचा मुलगा हॉलमध्ये फारसा न फिरकता नोट्स पाठ करून तुझ्यापेक्षा जास्त मार्क काढतो. पहिल्या वर्षाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. असल्या प्रश्नांच्या वाटेला मी एरवी जात नाही. पण तसलाच एक शेजारचा मुलगा माझ्याही टेबलावर होता, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

सोडू नकोस. मळमळ दोन-तीन आठवड्यांत जाते. फॉर्मॅलिनचा, म्हणजे मेलेलं जनावर टिकवायच्या द्रवाचा, वास तुला येईनासा होतो, घरच्यांना तुझ्या केसांना येत राहतो. आणि प्राण्यांची आवड वगैरे पहिल्या वर्षी काही कामाची नाही, ती बाजूला ठेव. हाडांची आवड लागते का बघ.

आता पाठांतराबद्दल. माझ्या टेबल पार्टनरच्या नोट्स म्हणजे देखणं प्रकरण होतं. चार रंगांची पेनं, समासात आकृत्या, प्रत्येक स्नायूचा उगम कुठे आणि शेवट कुठे याचे तक्ते. आमच्या गटानं पुढचा डावा पाय सोडवला तेव्हा मी हातात चिमटासुद्धा धरला नाही. बाकीचे कापत होते आणि मी भिंतीला टेकून त्या नोट्स उतरवून घेत होते. "इथे वेळ घालवून काय मिळणार, पाठ कर आणि मोकळी हो," हे त्याचं ब्रीदवाक्य. मला पटलंही होतं.

पहिल्या टर्मची तोंडी परीक्षा. तो माझ्या आधी आत गेला. सरांनी त्याला विचारलं, जगातलं पहिलं व्हेटर्नरी कॉलेज कुठलं? "लिऑन, 1761, क्लोद बुर्जेला." वर एक प्रश्न मानेच्या मणक्यांवर. गाय असो, घोडा असो, कुत्रा असो, 7. झाला मोकळा. हसत बाहेर आला आणि दाराशीच रेंगाळला.

मला सरांनी न बोलता एक स्कॅप्युला दिला, म्हणजे खांद्याचं ते चपटं त्रिकोणी हाड. मी सुरू केलं. बाहेरच्या पृष्ठभागावर स्पाइन, म्हणजे मधला उभा कंगोरा, तो खाली येऊन अ‍ॅक्रोमियन नावाच्या टोकदार उंचवट्यात संपतो... एका दमात, नोट्समधल्या शब्दांत. सर म्हणाले, "दाखव." मी कंगोऱ्यावरून बोट खाली आणलं. कंगोरा हळूहळू उतरत गेला आणि हाडात विरून गेला. टोक कुठेच नाही. पुन्हा वरून बोट फिरवलं. नाहीच.

मी म्हणाले, "तुटलंय वाटतं, सर."

दाराबाहेरून जे हसू ऐकू आलं ते मी आजही ओळखेन. हाड घोड्याचं होतं. घोड्याला अ‍ॅक्रोमियन नसतंच. माझ्या नोट्स बैलाच्या होत्या. 20 पैकी 4 मिळाले, आणि ते 4 कशाचे ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतर मी महिनाभर संध्याकाळी हाडांच्या खोलीत बसले. काही उदात्त वगैरे नव्हतं त्यात, होस्टेलवर तोंड दाखवायची लाज वाटत होती. तिथल्या मामांना वेळेवर कुलूप लावायचं असायचं आणि मी त्यांच्या वाटेतली धोंड. एकदा वैतागून त्यांनीच माझ्या हातातलं हाड फिरवलं आणि म्हणाले, "ताई, खोबण खाली, कंगोरा बाहेर, टेंगूळ पुढं. आता ज्या बाजूच्या खांद्याला बसतंय त्या बाजूचं. झालं? चला, उठा." स्कॅप्युला डावा की उजवा, हे त्या चार शब्दांत कायमचं संपलं. नोट्समध्ये त्याला अर्धं पान होतं.

वासराचा पुढचा उजवा पाय अजून तसाच होता. तो मी मागून घेतला. तुला अजून कापायला मिळाला नसेल तर सांगते, काय होतं ते. आपल्या गळ्याशी हाताला लागतं ते क्लॅव्हिकल गायी-घोड्यांना नसतं. म्हणजे पुढचा पाय धडाला हाडानं जोडलेलाच नाही. नुसते स्नायू. ट्रॅपेझियस कापला, ऱ्हॉम्बॉइडियस, लॅटिसिमस, खालून छातीचे पेक्टोरल. प्रत्येक वेळी पाय थोडा ढिला व्हायचा. शेवटी आतल्या बाजूचा पंख्यासारखा पसरलेला सेराटस व्हेंट्रॅलिस राहिला. त्यात पातं घातलं, काखेतल्या नसांचा दोरखंड तोडला, आणि अख्खा पाय माझ्या हातांवर आला. गुडघ्यात वाकले मी. एवढं जड जनावर या स्नायूंच्या झोळीत दोन पायांच्या मधे लटकत चालतं, हे वाचून माहीत होतं. खरं वाटलं ते त्या दिवशी.

पुढे पोट उघडलं तेव्हाही तेच. कोठीपोट, म्हणजे गायीच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापतं, हे कुणीही सांगेल. पण एक हात जाळीपोटात, म्हणजे त्याच्या पुढच्या लहान कप्प्यात, घालून दुसरा छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या पलीकडे हृदयावर ठेव. दोन तळव्यांच्या मधे किती जागा उरते बघ. गाय चारा नीट न चावता गिळते. त्यातली तार किंवा खिळा जाळीपोटात जाऊन बसतो आणि तिथून पुढे सरकला की पडदा भेदून थेट हृदयाच्या आवरणात. पुढे कधीतरी कोपरं बाहेर काढून उभी असलेली, गळ्याखालच्या पोळीला सूज आलेली, उतारावर पाय न टाकणारी गाय तुझ्यासमोर येईल. माझ्यासमोर आली तेव्हा मला तक्ता आठवला नव्हता. ते दोन तळवे आठवले होते.

जिवंत प्राणी दिसत नाही म्हणतोस ते मात्र मला पटत नाही. पहाटेची गोठ्यावरची ड्यूटी असेलच ना? का तिथेही मोबाईल बघत उभा असतोस? गायीच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून उभा राहा आणि घड्याळ लाव. मिनिटाला एक-दोनदा कोठीपोट तुझी मूठ बाहेर ढकलेल. रवंथ करणाऱ्या गायीच्या तोंडात वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात, तिथे कडक गादी असते. तीही पुस्तकात बघण्यापेक्षा बोटानं बघ. बोट पुढूनच घाल, दाढांकडे जाऊ नकोस. माझं नख गेलंय.

आता पाठांतर अजिबात नको असं म्हणत नाहीये. बायोकेमिस्ट्री रट्ट्याशिवाय सुटत नाही. हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतींच्या, स्लाइड पुन्हा पुन्हा बघाव्याच लागतात. 12 क्रेनियल नर्व्ह, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसा, मी अजून एका अचकट ओळीवर लक्षात ठेवते, ती इथे लिहिण्यासारखी नाही. बरगड्या गायीला 13 जोड्या, घोड्याला 18, हे समजून घेण्यासारखं काही नाही, घोकून टाक. मार्क हवेत तर शेजाऱ्याच्या नोट्स जरूर घे. फक्त त्या हॉलमध्ये घेऊन जा आणि समोरचं हाड कुणाचं आहे ते आधी विचार.

हॉलमध्ये कॉन्टॅक्ट लेन्स घालू नकोस. मळमळ वेगळी आणि श्वास लागणं, हाताला पुरळ येणं वेगळं. तसं होत असेल तर अंगावर काढू नकोस, सरांना सांग. रेबीजची लस आधीच घेऊन ठेव, चावल्यावर धावपळ करण्यापेक्षा. आणि हे खरं तर वरच लिहायला हवं होतं: शेणात हात गेल्यावर किळस येत असेल आणि गोठ्यातही जीव रमत नसेल, तर मग सोडण्याचा विचार कर. हाडांमुळे नको.

माझा टेबल पार्टनर माझ्याआधी पास झाला आणि आज प्रयोगशाळेत उत्तम काम करतो. तपासायला नमुना द्यायचा असला तर मी त्यालाच देते. पण "हॉलमध्ये वेळ घालवून काय मिळालं तुला?" हे तो दर भेटीत विचारतो, आणि मी लिहिलेलं सगळं वाचतो, त्यामुळे हेही वाचेल. तर ऐक रे, पुढच्या भेटीला पिशवीत एक स्कॅप्युला घेऊन येतेय. डोळे मिटून सांगायचं, डावा की उजवा. जनावर कुठलं तेही.