खेळाडू खरंच फॉर्मात नाही हे कसं ओळखायचं, आणि आपल्या कमेंटींचा त्याच्यावर काही परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय की टीम हरली की तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘याला बसवा, कोचला हाकला’ सुरू होतं, त्यावरून दोन मित्र ग्रुप सोडून गेले, आणि आता बरोबर कोण होतं ते तुम्हाला ठरवायचंय. मी नागपूरचा. युरोपातल्या फुटबॉल मॅचसाठी रात्र जागवणाऱ्यांतला, आणि जमेल तेव्हा कामठीला किंवा शहरातल्या लीगच्या सामन्याला जाऊन उन्हात बसणाऱ्यांतलाही. तुमच्या मित्रांचा निवाडा मी करू शकत नाही, पण दोन्ही प्रश्नांवर माझं ठाम मत आहे.

आधी फॉर्म. नुसते गोल मोजून फॉर्म ठरवणं हा आळशीपणा आहे. मार्कस रॅशफर्डने २०२२-२३ च्या मोसमात मँचेस्टर युनायटेडसाठी सगळ्या स्पर्धा मिळून ३० गोल केले, पुढच्या मोसमात ८. तीस गोलांच्या वेळी त्याला डोक्यावर घेणारे आणि आठच्या वेळी ‘संपला’ म्हणणारे बरेचसे तेच लोक होते, आमच्या ग्रुपात तर नक्कीच. स्ट्रायकरच्या, म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल मारणाऱ्याच्या, बाबतीत मी एवढंच बघतो: संधीच्या जागी तो पोचतोय का? पोचतोय आणि हुकवतोय, तर थांबा. आकडेवारीवाले पेनल्टीलासुद्धा साधारण ०.७६ ते ०.७९ गोल एवढंच मोल देतात, म्हणजे शंभरातल्या वीसेक हुकणारच. पण तो त्या जागी पोचतच नसेल, तर काळजी करा. मग एक तर पाय साथ देत नाहीयेत, किंवा मागून बॉलच येत नाहीये, आणि दुसरं असेल तर शिव्या भलत्याच माणसाला पडताहेत.

डिफेंडरचं तर टीव्हीवर कळणंच अवघड, कारण कॅमेरा बॉलच्या मागे पळतो. बॉल उजव्या बाजूला असताना लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा डिफेंडर, कुठे उभा आहे, ही खरी परीक्षा, आणि नेमकी तीच पडद्याबाहेर राहते. एकदा मैदानावर जाऊन वीस मिनिटं नुसतं लेफ्ट बॅककडे बघा. सुरुवातीला कंटाळा येईल. नंतर लक्षात येईल की ज्याचं नाव मॅचभर कुणी घेतलं नाही, त्याने तीन-चार हल्ले नुसतं योग्य जागी उभं राहून मोडले.

आता निवड. इथे चाहते सगळ्यात जास्त फसतात, कारण कारणं बाहेर येत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका टीमने मागे एका महत्त्वाच्या सामन्यात त्यांचा सगळ्यात चपळ विंगर, कडेने हल्ला चढवणारा, बाहेर बसवला. पानठेल्यावरचे सगळे तज्ज्ञ पेटले. ‘काहून बे, त्याले काहून बसवलं?’ कॅप्टनने आपल्या साळ्याला खेळवलं, असं कुणीतरी ठोकून दिलं आणि तेच पक्कं झालं. खरी गोष्ट अशी की पोरगा बुटीबोरीच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी थेट मैदानावर आला होता, डोळे तांबारलेले. आणि घरी त्याने खेळणं सोडलं असं सांगून ठेवलेलं, म्हणून कॅप्टनला गप्प राहायला सांगितलं होतं. कॅप्टनने निमूट शिव्या खाल्ल्या. साळा बरा खेळला, हे वेगळं. मोठ्या क्लबातही हेच चालतं, फरक एवढाच की तिथे रात्रपाळीऐवजी मांडीचा स्नायू असतो, आणि तो दुखतोय हे समोरच्या टीमला कळू द्यायचं नसतं.

याचा अर्थ कोचवर बोलूच नये असा नाही. बोला की! भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्री जून २०२४ मध्ये कुवेतविरुद्ध खेळून राष्ट्रीय टीममधून निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये चाळिसाव्या वर्षी तेव्हाचे राष्ट्रीय कोच मानोलो मार्केझने त्याला परत बोलावलं, तेव्हा आमच्याकडे आठवडाभर जुंपली होती. फॉर्म म्हणाल तर त्या मोसमाच्या आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या क्लबांच्या इंडियन सुपर लीगमध्ये, भारतीयांत सर्वाधिक, १४ गोल त्याचेच. तरी पण चाळिशीच्या माणसावर उद्याची टीम कशी उभी राहणार, हा आक्षेपही खरा. मला विचाराल तर कोचची निवड बरोबर होती आणि व्यवस्था चूक. क्लबांनी स्ट्रायकरची जागा वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूंना दिली, तर राष्ट्रीय कोच नऊ नंबरचा स्ट्रायकर कुठून पैदा करणार? असा वाद घालायला मजा येते, कारण त्यात कुणाच्या आईबापाचा उद्धार करावा लागत नाही. (निवडीच्या गप्पा निघाल्याच आहेत तर, मार्केझच्या आधीचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक एका ज्योतिषाला खेळाडूंची नावं पाठवत होते, अशी बातमी २०२३ मध्ये इंडियन एक्सप्रेसने छापली होती. त्या मानाने आपले ठेल्यावरचे तज्ज्ञ बरे.)

कमेंटींचा परिणाम होतो का? होतो, आणि तो खेळातच दिसतो. इथल्या लीगच्या मॅचचेही आता रील फिरतात. एका कोवळ्या गोलकीपरच्या हातून सोपा बॉल सुटून गोल झाला, कुणीतरी त्याला वाजंत्री जोडून क्लिप सोडली. फिरत फिरत ती त्याच्या घरच्याच ग्रुपात आली, मामानेच टाकली, ‘हा आपलाच ना?’ असं विचारून. पुढच्या सामन्यात त्या पोराने एकही बॉल धरला नाही. सगळे मुठीने मारले, अगदी छातीवर अलगद येणारेसुद्धा. मुठीने मारलेला बॉल परत समोरच्यांच्या पायात जातो आणि त्यावरच गोल खाल्ला. मग नवी क्लिप आली.

वरच्या पातळीवर तर ते विषारी होतं. २०२५ च्या महिला युरोमध्ये इंग्लंडची जेस कार्टर फ्रान्सविरुद्ध लेफ्ट बॅकला खेळली, तिथे तिची दमछाक झाली आणि इंग्लंड २-१ ने हरलं. पुढच्याच सामन्यात कोच सरिना वीगमनने तिला बचावाच्या मध्यभागी, सेंटर बॅकला नेलं. म्हणजे जागेचा प्रश्न होता, तो कोचने सोडवला. लोकांनी मात्र तिच्या रंगावरून एवढी घाण केली की तिला मधल्या स्पर्धेत सोशल मीडियापासून दूर होत असल्याचं जाहीर करावं लागलं. इटलीविरुद्धच्या सेमीफायनलला ती बाहेर होती, फायनलला पुन्हा पहिल्या अकरांत, आणि इंग्लंडने स्पेनला पेनल्टीत हरवून कप जिंकला. २०२१ च्या पुरुषांच्या युरो फायनलमध्ये पेनल्टी हुकलेल्या इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साकाचंही तेच झालं. पहिल्या दोघांना एक्स्ट्रा टाइम संपता संपता केवळ पेनल्टीसाठी उतरवलं होतं आणि शेवटची किक १९ वर्षांच्या साकाला दिली होती. हे निर्णय कोच साउथगेटचे, आणि तसं त्यांनी स्वतःच सांगितलं. शिव्या कुणाला पडल्या ते जगाने पाहिलं.

छेत्रीने २०१८ मध्ये एक व्हिडिओ टाकला होता. मुंबईत भारताने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) ५-० हरवलं तेव्हा स्टेडियममध्ये जेमतेम अडीच हजार लोक होते. आम्हाला नावं ठेवा, ओरडा, शिव्याही द्या, पण मैदानावर येऊन तोंडावर द्या, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली.

तुमच्या ग्रुपपुरतं सांगायचं तर आमच्याकडे दोन नियम आहेत. खेळाडूला टॅग करायचं नाही, त्याच्या पोस्टखाली जाऊन लिहायचं नाही. काय बोलायचं ते आपल्यात, मनसोक्त. आणि निवडीवर तक्रार करायची असेल तर टीम जाहीर व्हायच्या आधी आपली अकरा नावं ग्रुपवर टाकायची. नावं टाकली नसतील तर मॅचनंतर कोचला अक्कल शिकवायची नाही. या दुसऱ्या नियमाने निम्मी भांडणं मिटली, कारण अकरा नावं लिहायला बसलं की सातव्या-आठव्या नावाला सगळेच अडतात. तुमच्या त्या दोघांना परत घ्या आणि आधी अकरा नावं मागा. रात्री साडेबाराची मॅच अर्धी बघून झोपणाऱ्याला सकाळी मत मांडता येणार नाही, हा उपनियमही आमच्याकडे बहुमताने पास झालाय. विरोधात मत देणारे तेव्हा झोपले होते.