तो पुढच्या बाकावर, आणि माझी प्रार्थना अडलेली

'माझ्याच मंडळीतला (चर्चमधला) एक माणूस आमच्या ऑफिसात खोटी बिलं लावतो. त्याने फ्लॅट घेतला, यंदा मंडळीच्या पंचकमिटीतही निवडून आला. मी इमानेइतबारे हिशेब लिहिते आणि भाड्याच्या घरात राहते. उपासनेत तो पुढे दिसला की प्रार्थनाच होत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?' – एक भगिनी, अहिल्यानगर

प्रिय भगिनी, सलाम.

नाही, कमी पडत नाही. आसाफ दावीद राजाने नेमलेला गायकांचा प्रमुख, तरी बायबलातल्या ७३व्या स्तोत्राच्या १३व्या ओवीत तो सरळ म्हणतो की मन शुद्ध ठेवलं ते फुकट गेलं. हीच तक्रार तुम्हीही देवापुढे मांडा. शनिवारी रात्री एकटीने १ ते १४ ओव्या मोठ्याने वाचा, मग त्या माणसाचं नाव घेऊन मनातलं सगळं बोला. उरलेलं स्तोत्र रविवारी देवळात, उपासनेआधी वाचा, कारण आसाफाचं मन पालटलं ते पवित्रस्थानात गेल्यावर (ओवी १७).

पुष्कळ जण १८ ते २० ओव्यांवर अडकतात. दुष्टांचा नाश वाचून बरं वाटतं आणि आपण त्याच्या पडण्याची वाट बघत बसतो. नीतिसूत्रे २४:१७ ने नेमकं हेच मना केलं आहे. आसाफ तिथे थांबत नाही. २३व्या ओवीत तो देवाने आपला उजवा हात धरलाय असं बोलतो, आणि तोवर एकही दुष्ट प्रत्यक्षात पडलेला नसतो.

स्वतःच्या घराची इच्छा गैर नाही, त्यासाठी प्रार्थना करा, पैसे साठवा. पण त्याचा फ्लॅट हा देवाचा आशीर्वाद मानलात, तर तुमचं भाड्याचं घर तुम्हाला शिक्षा वाटू लागेल. प्रेषित पौल बंदिवासातून लिहितो की आहे त्यात समाधानी राहायला मी शिकलो (फिलिप्पै ४:११). म्हणजे त्यालाही ते शिकावंच लागलं.

समाधान म्हणजे मात्र गप्प बसणं नव्हे. खोटं बिल तुमच्यापुढे आलं तर सही करू नका. स्वतः पाहिलं तेवढंच तारखेसह मालकांना लेखी द्या, प्रत घरी ठेवा. मंडळीत मत्तय १८:१५-१७ चा क्रम पाळा: आधी त्याच्याशी एकांतात, मग एक-दोन साक्षीदारांसह, आणि तरीही ऐकलं नाही तरच मंडळीपुढे. पाळकांकडे (पास्टरांकडे) थेट गेलात आणि साक्षीदार नसले, तर १ तीमथ्य ५:१९ प्रमाणे ते मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप ऐकून घेणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पहिल्या भेटीत फक्त बिलांचं बोला. फ्लॅटचा विषय काढू नका.