दारूचं सांगितलं तर नातवंडं नेतील का?

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या एका आडगावात, ॲबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांनीच चालवलेल्या दवाखान्यात मी समुपदेशक आहे. 'दारू सोडायला मदत मागितली तर पोरं काढून नेतील का?' हा प्रश्न तिथे सतत येतो. बहुतेकदा न विचारताच येतो. (ओळख पटू नये म्हणून पुढचे तपशील बदललेत.)

आंटी पन्नाशीतली. सगळं गाव तिला आंटीच म्हणतं. मावश्या-काकूंत वाढल्यामुळे मला ते जड गेलं नाही. आली होती पायाची जखम दाखवायला. नर्सने माझ्याकडे पाठवलं आणि मी माती खाल्ली. फॉर्म पुढे ओढून विचारलं, "घरात लहान मुलं किती?" तिने माझ्या पेनाकडे पाहिलं, पर्स उचलली आणि गेली.

तिच्या आईला सात वर्षांची असताना सरकारी गाडीतून नेलं होतं, हे मला नंतर कळलं. 1910 ते 1970 या काळात ॲबोरिजिनल मुलांपैकी दहातल्या एकापासून तिघांतल्या एकापर्यंत मुलं अशी घरातून उचलली गेली, असा 1997 च्या राष्ट्रीय चौकशीचा अंदाज आहे. आंटीच्या घरात नातवंडं दोन. माझा प्रश्न तिला कसा ऐकू आला असेल!

पुढच्या वेळी आमची ॲबोरिजिनल आरोग्य कार्यकर्ती आम्हा दोघींना नदीकाठी घेऊन गेली. सोबत थर्मास, कागद काही नाही. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आंटीनेच विचारलं, "तुझा मुलूख कुठला?" म्हटलं, वाई. "नदी आहे?" आहे, कृष्णा. तिने मान डोलावली. अर्धा कप चहा संपल्यावर, पाण्याकडेच बघत म्हणाली, "पोरं नेशील?"

'छे, काहीतरीच!' म्हणायचा मोह होतो. पण ते खोटं ठरलं असतं. मी सांगितलं: तुम्ही दारू पिता एवढ्यावरून मी कोणाला फोन करणार नाही. मुलांना गंभीर हानी होण्याचा धोका दिसला तर मात्र कळवणं मला कायद्याने भाग आहे. तसं झालं तर आधी तुम्हाला सांगेन. ती म्हणाली, "हं. हे तरी खरं बोललीस."

मग वाईनच्या खोक्याचं निघालं. चार लिटरचा खोका, दोन दिवसांत एक. आजपासून बंद, म्हणाली. तिथे मी घाईने अडवलं. इतकी रोजची दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. आठवडाभर उपचाराला जायचं, तर मुलांकडे कोण? बहीण येऊन राहील, हे आंटीनेच ठरवलं. आम्ही फक्त तिच्या बसच्या तिकिटाचं पाहिलं.

परत आल्यावर घराण्यात एक मयत झालं. इथे अशा वेळी दूरदूरचे नातेवाईक जमतात, दिवसेंदिवस थांबतात. आंटीच्या दोन भेटी चुकल्या. 'गैरहजर' म्हणून फाइल बंद करणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. आम्ही जेवणाचा डबा घेऊन गेलो.

त्यानंतर ती दोनदा प्यायली. दोन्ही वेळा तिनेच येऊन सांगितलं, धाकट्या नातवाला कडेवर घेऊन.