क्लास कोणता लावू, असं विचारलंस म्हणून

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

क्लॅटसाठी, म्हणजे विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेसाठी, भंवरकुव्याचे सगळे क्लास पालथे घालून आलीस आणि आता डोकं गरगरतंय, असं आई म्हणाली. फलकांवरचे टॉपरांचे फोटो बघून काही ठरवू नकोस. दोनच गोष्टी विचार. आठवड्याला पूर्ण वेळेची मॉक, म्हणजे सराव परीक्षा, होते का? आणि सोडवलेल्या पेपरवर तुझ्याशी बोलायला शिक्षक बसतात का? ‘ॲपवर सोल्युशन्स आहेत’ एवढंच उत्तर आलं तर सरळ उठून ये.

क्लास लाव, हे माझं स्पष्ट मत. घरी अभ्यास करताना आपण आवडीचं आधी घेतो आणि नावडतं ‘उद्या बघू’ म्हणून टाळतो. तुझं गणित असंच टळत आलंय. क्लॅटमध्ये त्याचे 10 ते 14 प्रश्न असतात, तेही दहावीच्या पातळीचे. एवढे गुण सोडून द्यायचं काहीच कारण नाही.

बाकी पेपर म्हणजे वाचन. दोन तासांत 120 प्रश्न, उतारे साडेचारशे शब्दांपर्यंतचे, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. चालू घडामोडी आणि लीगल रीझनिंग मिळून जवळजवळ अर्धा पेपर होतो. लीगल रीझनिंगमध्ये उताऱ्यात दिलेला कायद्याचा नियम एखाद्या प्रसंगाला लावून उत्तर काढायचं असतं. ते तुला सोपं वाटेल आणि तिथेच तू फसशील, कारण तुला अन्यायाची चीड पटकन येते.

एक उदाहरण घे. राजवाड्याजवळच्या दुकानात एकाने आपलं घड्याळ दुरुस्तीला टाकलं. पैसे देईपर्यंत ते ठेवून घ्यायचा दुकानदाराला हक्क आहे. दुकानदाराची पाठ फिरताच याने पैसे बुडवण्यासाठी घड्याळ उचललं आणि चालू लागला. चोरी झाली का? तू म्हणशील, स्वतःच्या वस्तूची कसली चोरी! आता उताऱ्यातला नियम पुन्हा वाच: दुसऱ्याच्या ‘ताब्यातली’ जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवणं. मालकी कुणाची, हे नियम विचारतच नाही. म्हणजे चोरी झाली. आता तोच माणूस पैसे चुकते करून गेला आणि घड्याळ काउंटरवरच विसरला, असं धर. परत येऊन त्याने ते न विचारता उचललं, तर अप्रामाणिक हेतू कुठे राहिला? एक तपशील बदलला की उत्तर फिरतं. रोज असे दोन उतारे घे आणि नियमातल्या प्रत्येक अटीखाली पेन्सिलने रेघ मार. कोर्टात उभं राहिल्यावरही हेच करायचं असतं, म्हणून मी इतकी मागे लागतेय.

मॉकचे गुण आईबाबांना सांग, पण त्यावर फार रेंगाळू नकोस. एक वही कर. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिही: नियम नीट वाचला नाही, माहितीच नव्हती, की वेळ संपला म्हणून ठोकला. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उरलेल्यांतला एक निवडायला हरकत नाही, तिथे पाव गुणाला घाबरू नकोस. मॉक दोन तासांची असेल तर तिच्या चुका तपासायला तीन तास दे. पुष्कळ मुलं इथेच कंटाळतात, मग नुसत्या मॉकमागून मॉक देत राहतात आणि गुण आहेत तिथेच.

इंग्रजीचा धसका घेऊ नकोस. घरी मराठी, गल्लीत हिंदी बोलून आपल्या इंदूरची कितीतरी मुलं वकील झाली आहेत. सकाळी इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख वाच आणि जेवताना आजीला मराठीत सांग. आजीला कळला नाही, तर तुलाही कळलेला नाही.

आणि कागदपत्रं. भोपाळ आणि जबलपूरच्या विधी विद्यापीठांत मध्य प्रदेशच्या मुलांसाठी जागा राखीव असतात, तेव्हा मूल निवासी (डोमिसाइल) प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेव. दिल्लीच्या विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी, आयलेट. तिचा फॉर्म स्वतंत्र भरावा लागतो. बाबांना तारखांवर लक्ष ठेवायला सांग, ते काम तुझ्या डोक्यावर नको.

पहिली मॉक झाली की पेपर आणि वही घेऊन रविवारी दुपारी ये. चार वाजेपर्यंत मी मोकळी आहे.

तुझी,
मावशी