लाल कार्ड कोणाच्या नावावर?

प्रश्न : आम्ही मिरजेत राहतो. माझा मुलगा ३२ वर्षांचा आहे. कोल्हापूरच्या एका तालमीच्या फुटबॉल संघातून आणि नंतर मुंबईतील एका कंपनीच्या संघातून तो बचावपटू म्हणून खेळला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे दोन वर्षांपूर्वी खेळ थांबला. स्वभाव अतिशय तापट आहे. पाच लाल कार्डे मिळाली आणि पंचांना ढकलल्याबद्दल एकदा हंगामभर बंदीही झाली. मैदानात दबायचे नाही, हे मीच त्याला लहानपणापासून शिकवले. आता आमच्या मंडळाने त्याला सीनियर संघाचा मॅनेजर होण्याविषयी विचारले आहे. मी मंडळाच्या कार्यकारिणीत असून सामन्यांना बाकावरच बसतो. मँचेस्टर युनायटेडचा जुना कर्णधार रॉय कीनसुद्धा असाच तापट होता, तरी मॅनेजर झाल्यावर पहिल्याच वर्षी त्याने संघ वर नेला. मुलाने स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये एमबीए करावे की पतियाळाचा प्रशिक्षकाचा कोर्स करावा? राग घालवण्याचा काही कोर्स असल्यास तोही कळवावा. तो स्वतः पत्र लिहिणार नाही, म्हणून मी लिहीत आहे.
— एक पालक, मिरज

उत्तर : तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा त्याच्या शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. ज्या माणसाला उद्या वीस-बावीस खेळाडूंपैकी कोणते अकरा मैदानात उतरतील हे ठरवायचे आहे, त्याने स्वतः काय करावे हे विचारणारे पत्र त्याचे वडील लिहितात, ही गोष्ट मला पाच लाल कार्डांपेक्षा अधिक काळजीची वाटते. तो लिहिणार नाही असे तुम्ही म्हणता; त्याला लिहायला सांगून पाहिले होते का, याचा पत्रात उल्लेख नाही. ते पत्र दोन पानांचे आहे आणि त्यात मुलाचे स्वतःचे म्हणणे एका ओळीचेही नाही. ही जबाबदारी त्याला हवी आहे का, हेसुद्धा मला त्यातून कळले नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, पण ती स्पष्ट लिहितो. मंडळाने मुलाला विचारले आणि मी मंडळाच्या कार्यकारिणीत आहे, ही दोन वाक्ये तुम्ही शेजारीशेजारी लिहिली आहेत, पण त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. खेळाडूंच्या तो पहिल्याच आठवड्यात लक्षात येईल. एखाद्या जुन्या खेळाडूला संघाबाहेर बसवले की तो थेट तुमच्या मुलाशी बोलणार नाही, तो संध्याकाळी तुमच्या घरी येईल. तुम्ही त्याला चहा द्याल, त्याचे म्हणणे ऐकून घ्याल आणि रात्री जेवताना मुलाजवळ विषय काढाल. त्या क्षणी संघाचा मॅनेजर कोण राहिला, हे तुम्हीच ठरवा.

आता एमबीएविषयी. हा गैरसमज मला वारंवार भेटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ज्याला मॅनेजर म्हणतात तो संघ निवडणारा, सराव घेणारा, डावपेच ठरवणारा आणि हरल्यावर नोकरी गमावणारा माणूस असतो. म्हणजे आपल्या भाषेत मुख्य प्रशिक्षक. आपल्याकडे मात्र संघाचा मॅनेजर म्हटले की खेळाडूंची नोंदणी, ओळखपत्रे, प्रवासाची तिकिटे, जर्सीचे गाठोडे आणि बिलांच्या पावत्या सांभाळणारा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम या दोघांपैकी कोणालाच तयार करत नाही. प्रायोजक, स्पर्धांचे आयोजन, प्रसिद्धी, क्रीडासंस्थांचा कारभार हे त्याचे क्षेत्र आहे आणि ज्याला त्यात रस आहे त्याच्यासाठी ते चांगले आहे. पण चार बचावपटूंची ओळ एकत्र पुढे कधी सरकवायची, हे तिथे कोणी शिकवणार नाही. नावातील एका शब्दाच्या सारखेपणावर लाखो रुपयांची फी भरू नका.

त्याचा खरा मार्ग प्रशिक्षक परवान्यांचा आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘डी’ परवान्यापासून सुरुवात होते आणि पुढे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ व ‘प्रो’ अशा पायऱ्या आहेत. त्या चढताना मधल्या काळात प्रत्यक्ष संघ हाताळावा लागतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका सरकारी प्रशिक्षकाच्या नोकरीसाठी उपयोगी आहे, शाळेत शिकवायचे असेल तर बीपीएड ही शारीरिक शिक्षणाची पदवी आहे. त्यांची पात्रता त्याने स्वतः पाहून घ्यावी.

तुम्ही रॉय कीनचे उदाहरण दिले आहे, आणि ते अर्धे खरे आहे. ऑगस्ट २००६ मध्ये कीनने सुंदरलँडची सूत्रे हाती घेतली तेव्हा तो संघ इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत तळाजवळ होता आणि हंगाम संपला तेव्हा पहिल्या क्रमांकावर होता. पण त्या हंगामातील जी गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती आरडाओरड्याची नाही. बार्न्सलीच्या सामन्याला निघताना तीन खेळाडू बसच्या वेळेवर आले नाहीत, तेव्हा कीन त्यांना मागे ठेवून निघाला आणि संघ सामना जिंकून परतला. तुमच्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा : तिघांना झापून, मग बसमध्ये घेऊन, वाटेत पुन्हा झापणे हे रागाचे काम झाले असते. त्याने बस सोडली, एवढेच केले. उदाहरणाचा उरलेला अर्धा भाग असा की डिसेंबर २००८ मध्ये कीनने सुंदरलँड सोडले, पुढे इप्सविच टाउनने जानेवारी २०११ मध्ये त्याला काढून टाकले, आणि २०१३ मध्ये तो आयर्लंडच्या संघात मार्टिन ओनील यांचा सहायक म्हणून रुजू झाला. तापट माणसाचे पहिले वर्ष पुष्कळदा चांगले जाते, कारण नव्या माणसाच्या धाकाने सगळेच जास्त धावतात. परीक्षा नंतर सुरू होते.

माझ्या मताविरुद्ध जाणारे उदाहरणही सांगायला हवे. ग्रॅम सूनेस १९८६ मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सचा खेळाडू-मॅनेजर झाला, त्याला हिबर्निअनविरुद्धच्या पहिल्याच लीग सामन्यात लाल कार्ड मिळाले, मे १९८७ मध्ये ॲबरडीनला ज्या सामन्यात विजेतेपद निश्चित झाले त्यातही मिळाले, आणि तरी लीग त्यानेच जिंकली. मात्र त्याच्यापाशी टेरी बुचर आणि ख्रिस वूड्स यांसारखे इंग्लंडचे खेळाडू विकत घेण्याइतका पैसा होता. तुमच्या मंडळाची वर्गणी किती जमते हे तुम्हाला माहीत आहे.

बचावपटूच्या रागाला मैदानात वाट असते. पुढच्या चेंडूवर तो जोरात जातो, धावतो, घाम गाळतो आणि दहा मिनिटांत निवळतो. बाकाजवळ उभ्या असलेल्या माणसाचा राग दोनच ठिकाणी जातो, तोंडात किंवा बदली खेळाडूच्या निर्णयात. शेवटची चूक ज्याने केली त्याला बाहेर काढावे, असे रागावलेल्या प्रशिक्षकाला साठाव्या मिनिटाला हमखास वाटते. बाहेर काढायला हवा असतो तो दमलेला खेळाडू, आणि तो अनेकदा दुसराच असतो. राग घालवण्याचा कोर्स तुम्ही विचारला आहे. समुपदेशकाकडे जायचे असेल तर त्याने अवश्य जावे, पण स्वतःच्या इच्छेने जावे. वडिलांनी तीस वर्षे ज्याचे कौतुक केले तेच आता दुरुस्त करून आणण्यासाठी वडिलांनीच पाठवणे, यातून नवा राग तेवढा तयार होईल.

आता तुमच्या खुर्चीविषयी, कारण या पत्राचे खरे उत्तर तिथे आहे. जून २०१९ पासून फुटबॉलच्या नियमांनुसार पंच बाकावरच्या अधिकाऱ्यांनाही पिवळे आणि लाल कार्ड दाखवू शकतात. त्याच नियमात असे आहे की बाकावरून कोणी गैरवर्तन केले आणि नेमके कोणी केले हे ओळखता आले नाही, तर कार्ड तिथे हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला मिळते. तुम्ही सामन्यात शांत बसत नाही, हे मी पत्राच्या सुरावरून गृहीत धरतो. चुकत असेन तर क्षमा करा. तुम्ही बाकावरून पंचांना काही बोललात, पंचांनी वळून पाहिले आणि सहा चेहऱ्यांतून त्यांना तो आवाज ओळखता आला नाही, तर शिक्षा तुमच्या मुलाच्या नावावर लागेल. त्याचे सहावे लाल कार्ड तुम्ही मिळवलेले असेल. शिवाय बाकासमोर आखलेल्या चौकोनातून खेळाडूंना सूचना एका वेळी एकानेच द्यायच्या असतात, आणि तो एक जण तुम्ही नाही.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडे ही गोष्ट तालमीत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. लंगोट सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी वस्ताद होत नाही. आधी तो पोरांकडून जोर-बैठका काढून घेतो, हौद्यातली माती खणायला लावतो, खुराकाकडे लक्ष ठेवतो, आणि वस्तादाच्या मागे उभा राहून बघतो. पहिलवानाचा बाप कुस्ती बघायला येतो तेव्हा तो प्रेक्षकांत बसतो. फुटबॉलमध्ये इटलीचा जेन्नारो गट्टूसो याच वाटेने गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये मिलानकडून खेळताना इंग्लंडच्या टॉटनहॅम संघाच्या सहायक प्रशिक्षकाला डोक्याने धडक देऊन लांब बंदी ओढवून घेतलेला हा खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला, तेव्हा इटलीतल्याच पालेर्मो संघाने २०१३ मध्ये त्याला हंगामाच्या सुरुवातीलाच काढून टाकले. मग तो ग्रीसमध्ये क्रेट बेटावरच्या संघाकडे गेला, इटलीच्या तिसऱ्या श्रेणीतल्या पिसाला त्याने २०१६ मध्ये वरच्या श्रेणीत नेले, मिलानच्या युवा संघाला शिकवले आणि त्यानंतर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, मिलानचा मुख्य संघ त्याच्या हाती आला. तापटपणा सगळा गेला असे मला वाटत नाही, पण तो कुठे वापरायचा हे लहान जागांवर शिकायला त्याला चार वर्षे मिळाली.

म्हणून मंडळाला त्याने या हंगामापुरता सीनियर संघ नाकारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेरा वर्षांखालील मुलांचा संघ मागून घ्यावा, सोबत ‘डी’ परवाना मिळवावा, आणि सीनियर संघात दुसऱ्या कोणाच्या हाताखाली बचावफळी सांभाळावी. बारा वर्षांच्या मुलावर ओरडले की तो दुसऱ्या दिवशी सरावाला येत नाही. ते उत्तर कोणत्याही वर्गापेक्षा लवकर पोहोचते. ती मुले टिकली, तर पुढच्या वर्षी मोठ्या संघाचा विचार करण्यात अर्थ आहे. नाही टिकली, तर गुडघा गेलेल्या माणसाने खेळाजवळच राहिले पाहिजे असा काही नियम नाही, आणि ३२ हे वय दुसरे काम शिकायला मुळीच जास्त नाही.

तुम्ही मात्र या महिन्यातच कार्यकारिणीचा राजीनामा द्या, किंवा निदान संघनिवडीच्या बैठकांना जाणे बंद करा. सामन्याला जरूर जा, पण बाकाच्या समोरच्या बाजूच्या गॅलरीत बसा, जिथून तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. हे पत्र त्याला वाचायला द्या आणि त्याला माझा पत्ता सांगा. त्याला वाटले तर तो लिहील. त्याला मी वेगळे उत्तर देईन, आणि ते तुम्हाला दाखवायचे की नाही हे तो ठरवेल.