३,३५,५०,३३६ : आधी अवयव, मग नाव

प्रिय,

तुझी वही पाहिली. ३,३५,५०,३३६ या संख्येपुढे तू सम, संयुक्त, परिपूर्ण, त्रिकोणी अशी नावं लिहिली आहेस. सगळी बरोबर आहेत. पण ती कशी मिळाली, हे वहीत कुठेच दिसत नाही, म्हणून लिहितोय.

मोठी संख्या समोर आली की आधी तिचे अवयव पाड. हिला २ने सलग बारा वेळा भाग जातो आणि ८१९१ उरतात. ही मूळ संख्या आहे का? ९१चा वर्गच ८१९१हून मोठा आहे, म्हणून ९०च्या आतल्या चोवीसही मूळ संख्यांनी भागून बघता येईल, पण जरा थांब. ८१९१ म्हणजे २चा तेरावा घात वजा १. घातांक १३ मूळ आहे, त्यामुळे हिच्या कुठल्याही मूळ विभाजकाला १३च्या दुपटीने, म्हणजे २६ने, भागलं तर बाकी १च यायला हवी. ९०च्या आत अशा मूळ संख्या दोनच, ५३ आणि ७९. ५३ने भागून बाकी २९, ७९ने भागून ५४. झालं, ८१९१ मूळ! (घातांक मूळ असला की काम झालं, असं मात्र धरू नकोस. अकराव्या घातातून १ वजा केला की २०४७ येतात, आणि ते २३ × ८९ आहेत.)

आता ४०९६ × ८१९१ एवढंच समोर ठेव. १, २, ४ असं ४०९६पर्यंत मिळवलं की ८१९१ होतात. हे विभाजक एकदा तसेच आणि एकदा ८१९१ने गुणून येतात, त्यामुळे सगळ्या विभाजकांची बेरीज ८१९१ × ८१९२, म्हणजे संख्येच्या बरोबर दुप्पट. तिला स्वतःला वगळलं की उरलेल्यांची बेरीज तीच संख्या, म्हणून ती परिपूर्ण. आणि ८१९१ × ८१९२ची निम्मी म्हणजे १ ते ८१९१ची बेरीज, म्हणून त्रिकोणीही. तुझ्या वहीत वेगवेगळी लिहिलेली ही दोन नावं एकाच गुणाकारातून निघतात. ही रीत युक्लिडची. सम परिपूर्ण संख्या याच साच्यातल्या असतात, हे ऑयलरने सिद्ध केलं. विषम परिपूर्ण संख्या असते की नाही, हे अजून कोणालाच ठरवता आलेलं नाही.

६, २८, ४९६, ८१२८ या पहिल्या चार परिपूर्ण संख्या पाहून पूर्वी समज होता की शेवटचा अंक ६ आणि ८ असा आळीपाळीने येतो. आपली पाचवी ६वर संपते, आणि सहावी, ८५८९८६९०५६, तीही ६वरच.

ती सहावी आता तू सोडव. २ने सोळा वेळा भागलंस की १३१०७१ उरतील, म्हणजे २चा सतरावा घात वजा १. म्हणून इथे २६च्या जागी १७ची दुप्पट, ३४ घे. तपासायला चारच मूळ संख्या लागतील. भागाकार पूर्ण मांडून पाठव.

तुझा,
सर