सायकल ट्रायल्स शिकायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचं वय ३४, घरी गिअरची साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक आहे, व्हिडिओ बघून बनी हॉप (दोन्ही चाकं उचलून मारायची उडी) करायला जाता पण मागचं चाक जमीन सोडतच नाही. ट्रायल्सची, म्हणजे पाय न टेकता सायकलवरून अडथळे पार करायच्या खेळाची, खास सायकल घ्यावी का आणि सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

सायकल आत्ता घेऊ नका. बनी हॉपही थोडे दिवस बाजूला ठेवा. आधी पाय न टेकता जागच्या जागी उभं राहायला शिका.

हा खेळ आला मोटरसायकल ट्रायल्समधून. स्पेनमधल्या कॅटलोनियात पेरे पी हे मोंटेसा या मोटरसायकल कंपनीतले गृहस्थ. १९७० च्या दशकात त्यांनी आपल्या मुलाला, ओट पीला, छोट्या सायकलवर तेच तंत्र शिकवायला सुरुवात केली. पुढे ओट अनेकदा जगज्जेता झाला. स्पर्धेत दगड, ओंडके, काँक्रीटचे ठोकळे पार करायचे, ही वेगाची शर्यत नसते. पाय जमिनीला लागला की गुणांत फटका बसतो. त्यामुळे प्रत्येक उडीआधी खेळाडू थांबतो, अंदाज घेतो, उडी मारतो आणि चाक टेकलं की पुन्हा थांबतो. डॅनी मॅकअॅस्किल या स्कॉटिश ट्रायल्स सायकलपटूचा एडिंबरातला २००९ चा व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. तो पुन्हा लावा आणि या वेळी उड्यांऐवजी त्याची ब्रेकवरची बोटं बघा.

आता तुमची सायकल तयार करा. सीट पूर्ण खाली घ्या, हा सगळा खेळ उभ्यानेच खेळायचा आहे. पुढे सगळ्यात लहान चेनव्हील, साधारण २२ दात्यांचं, आणि मागे १८-२० दात्यांच्या आसपासचा गिअर ठेवा. पुढचा शॉकर लॉक होत असेल तर लॉक करा, नाहीतर तुमचा निम्मा जोर तोच गिळून टाकेल. टायरमधली हवा थोडी कमी करा, पण रिम जमिनीला लागेल इतकी नको. ब्रेकचे लिव्हर आतल्या बाजूला सरकवून घ्या, म्हणजे तर्जनी बरोबर लिव्हरच्या टोकावर येईल. ब्रेक कायम एकाच बोटाने दाबायचा, बाकीची बोटं हँडल धरायला. हेल्मेट आणि नडगीवरचे गार्ड पहिल्या दिवसापासून घाला. पेडलच्या पिना नडगी सोलून काढतात, आणि एकदा लागलं की मनात बसलेली धास्ती लवकर जात नाही.

आता ट्रॅक स्टँड, म्हणजे पाय न टेकता जागच्या जागी उभं राहणं. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण इथेच लोक कंटाळून सोडून देतात.

जागा अशी निवडा की चेंडू ठेवला तर हळूच घरंगळेल. पार्किंगचा रॅम्प नको, तो फार खडा असतो. सायकलचं तोंड चढाकडे करा आणि दोन्ही पेडल आडवी ठेवून उभे राहा. कोणता पाय पुढे ठेवायचा? उतारावर पेडल न मारता उभ्याने जाताना जो पाय आपोआप पुढे येतो तो तुमचा. समजा, डावा आला. मग हँडलही थोडं डावीकडे वळवा. उजवा असेल तर उजवीकडे.

हे वळवणं का, ते नीट समजून घ्या, म्हणजे निम्मं काम झालं. चाक डावीकडे वळलेलं असताना सायकल जरा पुढे गेली की पुढच्या चाकाचा टेका डावीकडे सरकतो. मागे आली की उजवीकडे. म्हणजे तुम्ही डावीकडे कललात तर पेडलवर हलका दाब द्यायचा, आधार तुमच्या खाली येतो. उजवीकडे कललात तर दाब सैल सोडायचा, चढ स्वतःच सायकल बोटभर मागे ढकलतो. या पुढे-मागेच्या खेळातच तोल राहतो. थिजल्यासारखं उभं राहायला गेलात तर पडालच. लांबून पाहणाऱ्याला सायकल स्थिर वाटते, पण ती सतत किंचित हलत असते, विस्तवाजवळ बसलेला माणूस हात पुढे-मागे करत राहतो तशी.

नजर पुढच्या चाकावर नको. दोन-तीन मीटर पुढे जमिनीवर एक खूण धरा. कोपर सैल, गुडघे किंचित वाकलेले. श्वास रोखला जातो, त्याकडे लक्ष ठेवा. एका बैठकीत दमेपर्यंत करू नका, रोज थोडं करा. पाय थकले की शरीर चुकीच्या सवयी पटकन उचलतं.

चढावर जमलं की सपाटीवर या. तिथे मागे ढकलायला चढ नाही, म्हणून पुढचा ब्रेक धरून अंग मागे झुकवायचं आणि ब्रेक सोडून सायकल मागे येऊ द्यायची. मग दोन्ही ब्रेक कच्च धरून उभे राहा. आता चाकं फिरणारच नाहीत, तोल गेला तर सावरायचं उडीनेच. गुडघे वाकवून टायर दाबा आणि टायर उसळतानाच अंग वर घ्या. दोन्ही चाकं जमिनीपासून दोन बोटं सुटली तरी पुष्कळ. याच उडीने बाजूला सरका, मग फक्त पुढचं चाक उचलून डावी-उजवीकडे ठेवा.

मागचं चाक उचलायला चालण्याच्या वेगाने या, पुढचा ब्रेक हळूहळू आवळा आणि पायाची बोटं खाली वळवून पेडलना मागच्या दिशेने रेटा. ब्रेक एकदम आवळलात तर हँडलवरून पुढे जाल. म्हणून आधी गवतावर मुद्दाम सायकल सोडून उतरायचा सराव करा. पुढचं चाक उचलताना अंग मागे गेलं तर मागे पाय टाकून उभं राहायचं. मागचं चाक जास्त वर आलं तर हँडलवरून पाय काढून पुढे उतरायचं. पडायचं कसं हे पायांना माहीत असलं की हात मोकळेपणाने काम करतात.

यानंतर अडथळे. आपल्याकडे फुटपाथची कड कुठे चार बोटं, कुठे गुडघ्याएवढी, त्यामुळे तिच्यावर शिकू नका. भंगारवाल्याकडून लाकडी पॅलेट आणा. एक पॅलेट साधारण १५ सेंटीमीटर उंच असतं, जमत गेलं की त्यावर दुसरं ठेवता येतं. खिळे आणि मोडक्या फळ्या आधी तपासा. पुढचं चाक पॅलेटवर टेकवून थांबा, तिथेच तोल सांभाळा, मग हँडल पुढे ढकलत मागचं चाक वर घ्या. तुमचा अडलेला बनी हॉप इथेच सुटायला लागेल, कारण मागचं चाक हातांनी ओढून येत नाही हे अंगाला पटलेलं असेल.

पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर जाऊ नका. ओल्या रिमवर रबरी ब्रेक घसरतात, आणि ट्रायल्समध्ये ब्रेकवर भरवसा नसेल तर काहीच करू नये.

मागच्या चाकावर उड्या मारणं, म्हणजे पेडल किक, ही पुढची पायरी. मागचा ब्रेक सोडायचा, अर्धं पेडल जोरात मारायचं, चाक टेकताच ब्रेक पुन्हा आवळायचा. त्याआधी मेकॅनिककडून चेनची झीज मोजून घ्या. सगळं वजन एका पेडलवर असताना चेन तुटली किंवा फ्रीव्हील घसरलं तर गुडघा किंवा छाती थेट हँडलवर आपटते. झिजलेली चेन बदलायचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

आणि खास सायकल? मागच्या चाकावर सलग उड्या जमायला लागल्या आणि खाली घेतलेली सीटही मांड्यांना आडवी यायला लागली की घ्या. ट्रायल्सच्या सायकलला सीट नसते ती याचसाठी. स्पर्धेत २० आणि २६ इंच अशा दोन मापांच्या चाकांच्या सायकली चालतात. तुमचं अंग एमटीबीवर घडलंय, तेव्हा २६ इंचीच बघा. २० इंची हलकी आणि चपळ असते, पण तिच्यावर तोलाचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागेल.